घड्याळ त्यांचं, थंडी माझी

स्वेटर बाहेर निघतात, हुरडा पार्ट्यांचे प्लॅन ठरतात आणि झोपेला मात्र आपण सरळ कात्री लावतो. एका लांबलेल्या खोकल्याने माझ्याकडून वसूल केलेल्या हिवाळ्याचा हा हिशेब.

तुमच्याकडे थंडी कशी सुरू होते? कुणाकडे दिवाळीच्या पहाटे उटणं लावून कुडकुडताना, कुणाकडे माळ्यावरची गोधडी खाली आली की. माझ्याकडे मात्र ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सुरू होते. तीही अमेरिकेत!

म्हणजे झालंय असं, की मी काम करते पुण्यात, पण माझा क्लायंट बसतो कॅलिफोर्नियात. दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची मंडळी आपापली घड्याळं एक तास मागे घेतात. त्या रात्री त्यांना एक तास जास्त झोप मिळते. आपल्याकडे घड्याळाला कुणी हात लावत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात रात्री साडेनऊला होणारा आमचा स्टेटस कॉल दुसऱ्या दिवसापासून साडेदहावर जातो. त्यांची सकाळ नऊचीच राहते. मार्चचा दुसरा रविवार उजाडेपर्यंत, म्हणजे चांगले चार महिने, हा कारभार असाच चालतो.

आता यातली गंमत बघा. जूनमध्ये पुण्याचा दिवस सव्वातेरा तासांचा असतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तो जेमतेम अकरा तासांवर येतो. म्हणजे निसर्ग आपल्या पदरात रात्रीचे सव्वादोन तास जास्तीचे टाकतो. अगदी फुकट. आणि नेमक्या त्याच मोसमात माझी रात्र एक तासाने आखूड होते. मला हा हिशेब सुचायला एक खोकला, एक एक्स-रे आणि दहा दिवसांची सक्तीची रजा लागली.

थंडी म्हणजे फुल एनर्जी!

२०२४ चा नोव्हेंबर. पुण्याची थंडी म्हणजे काय असते ते पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. वर्षभर ट्रॅफिक आणि खड्ड्यांना शिव्या घालणारा माणूससुद्धा या दोन-तीन महिन्यांत शहराच्या प्रेमात पडतो. घाम नाही, चिकचिक नाही. भूक कडकडून लागते. आपल्यालाही वाटायला लागतं, की अरे, आपण सॉलिड फिट आहोत!

मग काय, कॅलेंडर भरायला घेतलं. शनिवारी पहाटे पाचला सिंहगड. एका रविवारी मैत्रिणींबरोबर हुरडा. डिसेंबरात सवाई. ऑफिसातल्या तिघांची लग्नं, त्यातलं एक कोल्हापूरला. शिवाय नवीन वर्षाच्या आधी वजन कमी करायचा संकल्प म्हणून सकाळी सहाची जिम. आणि या सगळ्याच्या मध्ये आठवड्यातून चार रात्री साडेदहाचा कॉल.

कॉल संपायचा साडेअकराला. मग त्यात ठरलेल्या गोष्टींचा मेल टाकायचा. मग डोकं शांत व्हावं म्हणून मोबाईलवर काहीतरी बघायचं. एक कधी वाजायचा ते कळायचंच नाही. जिमचा गजर साडेपाचला. करा गणित. साडेचार तास!

पण तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी छाती काढून सांगितलं असतं, की मी स्वतःची मस्त काळजी घेते. पुरावा होता ना माझ्याकडे! रात्री लावायचं क्रीम वेगळं, पायाच्या भेगांचं वेगळं, ओठांचं वेगळं. ग्रीन टी होता. आईने पाठवलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबाही होता. महिन्यातून एकदा पार्लरमध्ये जाऊन हेड मसाज घ्यायचे, तेवढ्यासाठी पळत पळत ट्रॅफिकमधून जायचे आणि खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागायचे. काळजी घेण्याचा सगळा माल घरात होता. फक्त ज्याची काळजी घ्यायची, तो देह रात्री एक वाजेपर्यंत लॅपटॉपसमोर बसलेला असायचा.

म्यूट

खोकला नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू झाला. कोरडा, फुटकळ. पुण्यात त्या दिवसांत कोण खोकत नसतं? रात्री थंड हवा जमिनीलगत बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं, आणि गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ, वॉचमनच्या शेकोटीचा धूर, सगळं त्या झाकणाखाली अडकतं. त्यामुळे ‘हवेने झालंय’ हे आमचं सगळ्यांचं लाडकं निदान. रूममेटने हळद-दूध दिलं. मेडिकलवाल्याने एक कफ सिरप दिलं, मग दुसरं दिलं. करोनाची टेस्ट घरीच केली, निगेटिव्ह. चला, सुटलो.

कॉलवर मी एक नवीन कला शिकले. खोकल्याची उबळ येते आहे असं वाटलं, की म्यूटचं बटण दाबायचं, खोकून घ्यायचं, पाण्याचा घोट, आणि परत अनम्यूट करून ‘सॉरी, मी काय सांगत होते...’ पंधरा दिवसांत माझा त्यात इतका हात बसला की क्लायंटला पत्ता लागला नाही. खरं सांगू? मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना दम लागायला लागला. रात्री ताप यायचा, सकाळी उतरायचा. एका रात्री कॉलवर माझी पाळी आली आणि तोंडातून आवाजच निघाला नाही. म्यूट काढलेलं होतं, पण आतूनच म्यूट! दुसऱ्या दिवशी रूममेटने अक्षरशः हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “किती दिवस खोकताय?”

“झाले असतील वीसेक दिवस.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, तर आपल्याकडे टीबीची तपासणी करायची असते. तुम्ही शिकलेली माणसं, वीस दिवस काय करत होता?”

काय करत होते? म्यूट करत होते. पण हे उत्तर त्यांना कसं देणार?

थुंकीची तपासणी, छातीचा एक्स-रे, रक्त. रिपोर्ट यायला दोन दिवस. त्या दोन दिवसांत मी काय काय विचार केले ते सगळं इथे लिहीत नाही. टीबी वेळेवर औषधं घेतली तर बरा होतो हे मला माहीत होतं. तरीही घरी काय सांगू, नोकरीचं काय, फ्लॅटवरच्या मुलींना लागण झाली असेल का, ठरू घातलेल्या लग्नाचं काय... रात्री दीडला छताकडे बघत पडले होते आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. या महिन्यात असं कोणतं काम होतं, की जे मी दोन दिवस पडून राहिले असते तर बुडालं असतं? एकही आठवेना. तेव्हा मला रडू आलं.

टीबी निघाला नाही. न्यूमोनिया निघाला, उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात. वेळेत सापडला, अ‍ॅडमिट व्हावं लागलं नाही. गोळ्या दिल्या आणि दहा दिवस पूर्ण विश्रांती सांगितली.

मी विचारलं, “वर्क फ्रॉम होम चालेल ना?”

डॉक्टर म्हणाले, “घरून केलं तरी ते कामच ना हो?”

निफाडची गोधडी

माझं घर निफाड तालुक्यात. थंडीच्या दिवसांत पेपरात ‘राज्यात सर्वांत कमी तापमान’ अशी बातमी आली, की त्यात बऱ्याचदा आमचं नाव असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा छापून येतो आणि पुण्यातले मित्र मला फोटो पाठवतात, ‘तुमच्याकडे स्वित्झर्लंड झालंय!’ झालंय खरं. फक्त स्वित्झर्लंडमध्ये हिटर असतो, आमच्याकडे चूल असते.

मी पोचले ते डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. माझ्या डोक्यात एक सुंदर चित्र होतं. गावाकडची शांत थंडी, शेकोटी, सगळे निवांत गप्पा मारत बसलेत. पहिल्याच पहाटे चार वाजता ते चित्र फुटलं. नाना टॉर्च आणि काडेपेटी घेऊन बागेत निघाले होते.

आमची द्राक्षाची बाग आहे. ऑक्टोबरात छाटणी झाली की डिसेंबरात मणी धरलेले असतात, आणि कडाक्याची थंडी पडली की त्यांची फुगवण थांबते. तयार होत आलेला माल असेल तर मण्यांना तडे जातात. मग पारा फार उतरला की पहाटे ओळींमध्ये जागोजाग शेकोट्या पेटवायच्या, ठिबकने पाणी सोडायचं. कारण विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा उबदार असतं. म्हणजे शहरातले आम्ही ज्याला ‘विंटर स्लो लाईफ’ म्हणतो, ती आमच्या घरी सगळ्यांत पळापळीची वेळ!

मी गोधडीत पडून ते सगळं ऐकत होते. टॉर्चचा उजेड भिंतीवर हलत होता. आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बासष्ट वर्षांचा बाप चार वाजता थंडीत बागेत, आणि तिशीतली पोरगी गोधडीत. मी शाल गुंडाळून बाहेर आले.

“नाना, मी येते.”

“कशाला?” त्यांनी वळून बघितलं. “बाई, तू झोप. धुरात आली तर अजून खोकशील.”

“पण तुम्ही...”

“मी आठला झोपलेलो होतो. तू कधी झोपली?”

मी एक वाजता झोपले होते. काम नव्हतं, कॉल नव्हता, तरीही! सवयच तशी लागली होती.

नंतरचे चार दिवस मी नुसतं बघत होते. नाना चारला उठायचे हे खरं, पण सात वाजता जेवायचे आणि आठला त्यांची घोंगडी अंगावर. दुपारी जेवण झालं की ओट्यावर उन्हात तासभर आडवे. त्या तासात कुणाचाही फोन आला तरी आई सांगायची, “ते झोपलेत, चारनंतर करा.” खत कंपनीचा माणूस असो की सोसायटीचा चेअरमन, सगळ्यांना एकच उत्तर. कुणी रागावत नव्हतं. चारनंतर करत होते.

एका दुपारी मी नानांना विचारलं, की थंड देशांत द्राक्षाची वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते म्हणे, मग आपल्याकडे तिला झोप कधी?

“आपल्याकडे थंडीत तिला झोप कुठली? थंडीतच तर माल धरतो आपण. पण माल तुटला ना, की मग मी तिला हात लावत नाही. काही दिवस नुसती ठेवतो. मग एप्रिलची छाटणी. तेव्हा विश्रांती नाही दिली, तर काडी वाढते, पानं येतात, सगळं हिरवंगार दिसतं.”

“मग?”

“पुढच्या साली घड लागत नाही.”

नाना एवढं बोलून कूस बदलून झोपले. मी मात्र बसून राहिले. हिरवंगार दिसतं, पण घड लागत नाही. हे वर्णन मी कुठेतरी वाचलेलं होतं. बहुतेक माझ्याच अप्रेझलमध्ये.

मला तोपर्यंत वाटत होतं, की विश्रांती म्हणजे काम संपल्यावर उरतो तो वेळ. आमच्या घरी काम कधीच संपत नाही. तरी तिथे विश्रांतीला तिची जागा ठरवून दिलेली आहे, आणि त्या जागेवर कुणाला बसू देत नाहीत.

आणि आईचं काय?

इथेच थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण सातव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की या घरात एका माणसाची दुपारची झोप मी अजून बघितलेलीच नाही.

धुंधुरमास नुकताच लागला होता. सूर्य धनू राशीत असतो तो महिना, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा. आमच्याकडे त्यात एखाद्या दिवशी तरी सूर्य उगवता उगवता जेवायची पद्धत आहे. मुगाची खिचडी, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत. लहानपणी मला तो नुसता सोहळा वाटायचा. या वेळी त्यामागचं लॉजिक कळलं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा एक अख्खा अध्याय आहे. त्यात हेमंत ऋतूबद्दल म्हटलंय, की रात्री मोठ्या असतात, म्हणून माणसाला सकाळीच भूक लागते. साधी गोष्ट! पण ही भूक लागायला आधी ती मोठी रात्र झोपावी लागते. एक वाजता झोपून साडेपाचला उठणाऱ्याला सकाळी भूक लागत नाही, कॉफी लागते.

तर त्या दिवशी साडेसहाला माझ्यासमोर वाफाळतं ताट आलं. मी आठच्या आठ तास झोपून उठले होते, खोकला बराच उतरला होता आणि सपाटून भूक लागली होती. पहिला घास घेतला आणि सहज विचारलं, “आई, तू कधी उठलीस?”

“साडेतीनला. भाकरी व्हायला नकोत?”

घास तोंडातच राहिला. माझी विश्रांती, नानांची विश्रांती, पाहुण्यांना ‘चारनंतर या’ सांगणं, हे सगळं एका बाईच्या जागरणावर उभं होतं. तिला दुपारी झोप का नाही असं विचारल्यावर ती म्हणाली, “मला नाही सवय.” मीही डॉक्टरांना असंच काहीतरी सांगितलं होतं की!

मला तिचं आयुष्य तीन दिवसांत बदलता येणार नव्हतं. उरलेल्या तीन दुपारी मी भांडी घासली आणि तिला ओट्यावर बसवलं. पहिल्या दिवशी ती दहा मिनिटांत उठली, तांदूळ निवडायला घेतले. दुसऱ्या दिवशी मी तिच्या पायाच्या भेगांना कोकम तेल गरम करून लावलं, माझ्या महागड्या क्रीमचा डबा पुण्यातच राहिला होता म्हणून. तेल लावता लावता ती बसल्या जागी झोपली. तिच्या तोंडावर ऊन येत होतं, तर मी नानांच्या पंचाने आडोसा केला. पाऊण तास. त्या पाऊण तासात नानांचा फोन वाजला, तेव्हा मी सांगितलं, “आई झोपलीय. चारनंतर करा.”

निघताना नानांना एवढंच म्हटलं, की शेकोट्यांच्या दिवसांत तरी सकाळच्या चहाचं तुम्ही बघा. ते हसले. आईने डोळे वटारले. आता कधी कधी फोनवर ती तक्रार करते, की नाना चहात साखर फार टाकतात. मला ही तक्रार फार आवडते.

विचारून तर बघ

पुण्यात आले. कॅलेंडर उघडलं. रात्री साडेदहा, साडेदहा, साडेदहा, साडेदहा.

दरम्यान मी एक काम केलं होतं. गोधडीत पडल्या पडल्या झोपेबद्दल जरा वाचलं होतं. अमेरिकेत २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १६४ धडधाकट माणसांच्या मनगटाला आठवडाभर यंत्र बांधून त्यांची झोप मोजली, आणि मग चक्क त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले! सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या मानाने, सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून जास्त निघाली. थंडीत सर्दी-खोकला थंडीमुळे होत नाही, विषाणूंमुळे होतो. आपण खिडक्या लावून एकत्र बसतो, हवा कोरडी असते, त्यामुळे त्यांचं फावतं. विषाणू सगळ्यांच्याच नाकाशी येतात. आत कोणाकडे घुसायचं, हे बरंचसं तुमच्या झोपेवर ठरतं. मी साडेचार तासांवर दार सताड उघडं ठेवलं होतं.

हे सगळं मनात घोळवत मॅनेजरच्या केबिनबाहेर दोनदा चक्कर मारली. भीती कशाची होती? ‘हिला झेपत नाही’ असं वाटेल याची. मार्चमध्ये अप्रेझल होतं. आजारपणातून आल्या आल्या सवलत मागायची म्हणजे...

शेवटी गेले. एका दमात सांगितलं, की कॉल एक तास अलीकडे घेता येईल का ते क्लायंटला विचारूया. तिकडे सकाळी आठ, आपल्याकडे साडेनऊ.

तो काही वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “माझा मुलगा साडेदहाला झोपतो. नोव्हेंबर ते मार्च मी त्याला झोपवलेलंच नाही, तीन वर्षं झाली. माझ्या कधी डोक्यातच आलं नाही, की विचारता येईल.”

त्याने मेल टाकला. रात्री उत्तर आलं. क्लायंटकडच्या बाईंनी लिहिलं होतं, की मंगळवार आणि गुरुवार आठ वाजता मला सहज जमेल, उलट मुलं शाळेत जायच्या आत सुटेन. सोमवार-बुधवार मात्र नाही जमणार. आणि शेवटी एक वाक्य होतं, की तुमच्याकडे तेव्हा इतकी रात्र झालेली असते हे आम्हाला कुणी आधी सांगितलं का नाही?

तीन वर्षं! आम्ही दहा-बारा माणसं तीन वर्षं रात्री साडेदहाला जांभया म्यूट करत होतो, कारण कुणी विचारलं नव्हतं.

उरलेल्या सोमवार-बुधवारसाठी आम्ही पाळ्या लावल्या. सगळ्यांनी बसायचं बंद. दोघं बसतात, बाकीचे सकाळी नोंदी वाचतात. म्हणजे माझ्या वाट्याला आता महिन्यातून एक किंवा दोन रात्री साडेदहाचा कॉल येतो. जग बुडालं नाही. अप्रेझलही ठीकठाक झालं, आधीसारखंच. ना वर, ना खाली.

सगळ्यांना हे जमेल असं मी म्हणणार नाही. माझी रूममेट सपोर्टला आहे, तिची शिफ्टच रात्रीची. तिने कुणाला विचारायचं? तिच्यासाठी आम्ही घरात वेगळा नियम केलाय. सकाळी तिच्या खोलीला जाड पडदे, बेल बंद, आणि कामवाल्या मावशी तिच्या खोलीत दुपारी एकनंतर. कुणी आलं तर आम्ही सांगतो, “ती झोपलीय. चारनंतर या.” नानांचा फॉर्म्युला बाणेरमध्येही चालतो!

थंडीपुरते माझे पाच नियम

१. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी कॅलेंडर उघडायचं आणि झोपेचे सात तास आधी भरायचे. बाकी सगळं उरलेल्या जागेत.

२. झोपण्याआधी तासभर घरातले मोठे दिवे बंद. अंधार पडला की शरीर मेलाटोनिन तयार करतं, झगझगीत उजेडात ते अडतं. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला.

३. उठल्यावर लगेच बाहेरच्या उजेडात पंधरा-वीस मिनिटं. शरीराचं घड्याळ त्याने लागतं. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी मात्र कोवळं ऊन पुरत नाही, दुपारचं लागतं. म्हणून डबा खाल्ला की ऑफिसच्या गच्चीवर एक फेरी.

४. एका वीकएंडला एकच प्लॅन. सिंहगड किंवा हुरडा. दोन्ही कुठे पळून जात नाहीत.

५. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, की डॉक्टर. मेडिकलवाला नाही, रूममेटची हळद नाही.

यंदा नोव्हेंबरात पुन्हा तो पहिला रविवार येईल. तिकडची मंडळी पुन्हा घड्याळं मागे घेतील आणि एक तास जास्त झोपतील. झोपू देत बिचारे! मी त्याच आठवड्यात आईला फोन करणार आहे, की डिंकाचे लाडू पाठवू नकोस. या वर्षी मी दोन दिवसांची रजा टाकून येतेय. तू ओट्यावर बसून सांग, मी वळते.

वळायला जमतील की नाही, देव जाणे. पण दुपारी कुणाचा फोन आला तर काय सांगायचं, ते मला पाठ आहे.